विश्रांतीचा घाट

सायकल सहलीच्या वेळापत्रकात एक ओळ अशी असते की तिच्यापुढे किलोमीटर नसतात, चढाईचे मीटर नसतात, नाश्ता कुठे नि जेवण कुठे हेही नसतं. नुसतं 'विश्रांती' एवढंच लिहिलेलं असतं. सहल ठरवताना सगळ्यात जास्त भांडणं ह्या ओळीवरून होतात आणि प्रत्यक्ष सहलीत सगळ्यात जास्त दमणूकही त्याच दिवशी होते.

आमच्या कंपूनं ही ओळ कोल्हापूरपुढे लिहिली होती. अलिबागपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली यायचं, वाटेतल्या खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या, सावंतवाडीला कोकणाचा निरोप घेऊन आंबोलीचा घाट चढायचा आणि आजऱ्यावरून कोल्हापुरात शिरायचं, असा बेत. समुद्रकाठचा रस्ता सपाट असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी रत्नागिरी जिल्हा फक्त नकाशात पाहिलेला असतो. तिथे गाव खाडीकाठी आणि रस्ता सड्यावर. म्हणजे प्रत्येक गावातून निघायचं ते चढूनच आणि पुढच्या गावात पोचायचं ते ब्रेक दाबून. चढून कमावलेलं सगळं दहा मिनिटांत उधळायचं नि परत पहिल्यापासून कमवायला लागायचं. त्यामुळे आंबोली चढता चढता जो तो कोल्हापूरच्या नावानं धावा करत होता. कुणी 'मी दिवसभर झोपणार' म्हणत होतं, कुणी 'मी पलंगावरून खाली उतरणार नाही' अशी शपथ घेत होतं.

उशिरा उठणं हा विश्रांतीच्या दिवसाचा पहिला कार्यक्रम. तो पहिल्याच झटक्याला बोंबलला. रोज साडेचारला उठायची सवय लागलेल्या शरीराला कॅलेंडर वाचता येत नाही. पाचच्या आत लॉजच्या व्हरांड्यात सगळे हजर, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला 'अरे, झोप की जरा' असा उपदेश करतोय. आमच्यात एक कॅप्टन आहेत. हे पद त्यांना कुणी दिलेलं नाही, त्यांच्याकडे शिट्टी आहे. त्यांनी माहिती पुरवली की तूर द फ्रान्समध्ये तीन आठवड्यांत एकवीस टप्पे असतात, विश्रांतीचे दिवस फक्त दोन, आणि त्या दोन दिवशीही ते लोक तास-दोन तास सायकल चालवतात, नाहीतर पाय आखडतात. "तेव्हा एक छोटीशी रिकव्हरी राइड करू या. जोतिबापर्यंत."

जोतिबा डोंगरावर आहे.

"त्या लोकांना त्याचे पैसे मिळतात," चादरीत गुंडाळलेले आमचे बँकेतले काका म्हणाले आणि तो ठराव तिथेच निकालात निघाला. काका निवृत्त झाले तरी कुठलाही प्रस्ताव ते आधी जमाखर्चाच्या बाजूनंच बघतात.

मग कपडे. सायकलवाल्याच्या विश्रांतीचे निम्मे तास धुण्यात जातात आणि उरलेले वाळवण्यात. सायकल चालवायच्या चड्डीला आतून जाड पॅड शिवलेलं असतं. बाकीची चड्डी तासाभरात वाळते, पॅड मात्र दुपार उलटली तरी पिळलं की पाणी देतं. त्यामुळे ह्या चड्ड्या उलट्या करून, पॅड उन्हाला दाखवत टांगाव्या लागतात. आमच्या लॉजचा दर्शनी कठडा असा सजला होता की खालून जाणारे रिक्षावाले वेग कमी करून वर बघत. मॅनेजर वर आले, एका पॅडला बोटानं दाबून पाहिलं नि गंभीरपणे म्हणाले, "आत उशी शिवलिया व्हय? मग एवढं दुखतंय तर चालवता कशाला वो?" ह्या प्रश्नावर आजवर बरंच चिंतन झालं आहे, पण समाधानकारक उत्तर कुणाकडे नाही.

नाश्त्याला मिसळ खायची हे अलिबागलाच ठरलं होतं. निघालो तर जिना आडवा आला. आंबोलीच्या घाटात पाय न टेकता वर आलेले वीर लॉजचा एक मजला कठड्याला धरून, तिरके होऊन, मध्येमध्ये 'आई गं' करत उतरत होते. सायकलवाल्याचे पाय गोल फिरायला तयार असतात. खाली उतरणं हा प्रकार त्यांच्या करारात बसत नाही.

कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस देतात. पुण्याचा माणूस आधी त्या स्लाइसकडे संशयानं बघतो, मग कट ओतून घेतो, मग पुढची दहा मिनिटं त्याला मत व्यक्त करता येत नाही. आमच्यातले डॉक्टर रस्त्यावर असताना तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं ह्या हिशेबानं खजूर मोजून खातात. इथे त्यांनी तिसऱ्यांदा कट मागवला तेव्हा हिशेब विचारायचं धाडस कुणी केलं नाही. ह्यात पोटाचा काही दोष नाही. आज सायकल बंद आहे ही बातमी पायांना कळलेली असते, पोटापर्यंत ती पोचतच नाही. ते आपलं शंभर किलोमीटरच्या हिशेबानं मागणी नोंदवत राहतं.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमचे अर्धे काळे, अर्धे गोरे हात निरखून चौकशी केली.

"कुठनं आलाईसा?"

"अलिबागहून. सायकलनं."

"का? गाडी बंद पडली?"

"नाही, मुद्दामच."

"असं. मग पहिल्या नंबराला काय देतात?"

"स्पर्धा नाही हो. आमचे आम्हीच पैसे भरून आलोय."

गृहस्थांनी आमच्याकडे अपार मायेनं पाहिलं आणि पोराला हाक मारली, "ह्यास्नी अजून कट आण रं."

एका चाकाचं काम निघालं होतं. आमच्यातल्या आयटीवाल्या पोराच्या मागच्या चाकाला आजऱ्याच्या अलीकडे एका खड्ड्यानं आउट आणला होता. हा पोरगा सायकलला जे लागू शकतं ते सगळं बाळगतो. त्यानं नकाशावर मोठं चकचकीत दुकान शोधलं, ते बंद निघालं. मग एका बोळातल्या जुन्या दुकानात गेलो. दारात उलट्या टांगलेल्या चिमट्यांची रांग, आत रॉकेलच्या डब्यात बुडवलेले छर्रे, भिंतीवर गंध लावलेला हनुमान. मिस्त्रींनी सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली. "आतनं पोकळ हाय काय?" पोरानं कार्बन फायबर म्हणजे काय ते सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, कौतुक केलं नाही.

"तुमच्याकडे ट्रूइंग स्टँड आहे का?" पोरगा चिंतेनं विचारता झाला.

मिस्त्रींनी चाक चिमट्यातच राहू दिलं, अंगठ्याचं नख रिमपासून केसभर अंतरावर धरलं आणि चाक फिरवलं. जिथे आउट होता तिथे नखाला रिम टेकून बारीक 'चिर्र' झालं. चावीनं एक तार पाव आटा पिळली, समोरची पाव आटा सोडली. परत फिरवलं. चिर्र जरा कमी झालं. असं करत करत आवाज थांबला तेव्हा त्यांनी नख आणखी पुढे सरकवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हे सगळं करताना ते चाकाकडे बघत नव्हते, समोरच्या चहावाल्याशी तालमीच्या फुटबॉल टीमबद्दल बोलत होते. (कोल्हापुरात फुटबॉलच्या टीमासुद्धा तालमींच्या नावानं खेळतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशी नावं ऐकून परगावच्या माणसाला वाटतं, मैदानात चेंडू असेल की लंगोट.)

हवा भरताना मात्र गाडं अडलं. ह्या सायकलींच्या ट्यूबचा वॉल बारीक काडीसारखा, टोकाला इवलासा स्क्रू. दुकानातला पंप त्याला बसेना. पोरानं विजयी मुद्रेनं पिशवीतून पितळी ॲडॉप्टर काढला. आख्ख्या सहलीत त्या पिशवीतली ही पहिली वस्तू कामाला आली. मजुरी झाली चाळीस रुपये. पोराच्या घरी ट्रूइंग स्टँड आहे. त्याची किंमत त्यानं तिथे सांगितली नाही.

पण सायकलीची सांगावी लागली, कारण एव्हाना बोळात दहा-बारा जण जमले होते आणि 'केवढ्याची?' हा प्रश्न टाळून आजवर कुणी गर्दीतून सुटलेलं नाही. अशा सायकलीला तीन किमती असतात. एक घरी सांगायची, एक रस्त्यात सांगायची आणि एक खरी, जी दुकानदार नि क्रेडिट कार्ड ह्यांच्यातच राहते. पोरानं रस्त्यातली सांगितली. क्षणभर शांतता. मग बुलेटवर बसलेले एक जण कळवळून म्हणाले, "एवढ्यात म्हस आली असती की वो!"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोल्हापुरात किंमत रुपयांत सांगितली तरी ती पटते म्हशीतच.

विश्रांतीच्या दिवशी गाव बघायचं असा आमच्यात अलिखित कायदा आहे. सायकलवरून फक्त रस्ता दिसतो, गाव राहून जातं, असं कॅप्टनचं म्हणणं. ते खरंही आहे. पण गाव बघायचं म्हणजे चालायचं, आणि चालायचं म्हणजे वेगळ्याच स्नायूंना कामाला लावायचं. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत अनवाणी उभे होतो तेव्हा कळलं की ज्या टाचांनी इतके दिवस फुकटात प्रवास केला होता, त्यांनी आता तिकीट काढलंय. देवीचं तोंड पश्चिमेला. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी संपता संपता, मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. आयटीवाल्या पोरानं मनगटावरच्या यंत्राकडे पाहिलं. ह्याच यंत्रानं दाभोळच्या खाडीत, आम्ही फेरीबोटीत शेंगदाणे खात उभे असताना, आम्ही घाट चढतोय असं नोंदवलं होतं. रांगेतले आजोबा म्हणाले, "सूर्य येतोय वेळेवर. मधी बिल्डिंगा येत्यात." महाद्वार रोडवरची बांधकामं किरणांच्या वाटेत येतात ही तक्रार जुनीच. शेकडो वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना सूर्याचा अंदाज बरोबर आला होता, महापालिकेचा आला नाही.

देवळापासून खासबाग मैदान जवळ, पण 'जवळ' हा शब्द कोल्हापुरातही स्थानिक लोकच वापरतात. आम्ही रिक्षा केली. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचा प्राचीन आखाडा पाहिला, आणि परत आल्यावर तसंच मैदान आपल्या गावात हवं असं मनात घेतलं. परदेशातून येताना लोक फ्रिजवर चिकटवायची चुंबकं आणतात, हा राजा मैदान घेऊन आला. 1907 ला काम सुरू झालं, 1912 ला पुरं झालं. मधोमध कुस्तीचा हौद, भोवती उतरता गोल. कुठेही बसा, हौद दिसतोच. महाराजांनी कोल्हापूरला आणखीही पुष्कळ दिलं. त्याच 1902 सालच्या 26 जुलैला मागासवर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम काढला. पण कुठल्याही कोल्हापूरकराला विचारा, बोलण्याची गाडी आधी खासबागेत येते. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृहही त्यांनीच बांधलेलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं, त्याबद्दल बोलताना मात्र आमचा रिक्षावाला एकदम गप्प झाला.

मैदानाच्या पायऱ्यांवर एक वस्ताद बसले होते. कान मोडलेले, मिशा पांढऱ्या, मांड्या अजून आमच्या कॅप्टनच्या दुप्पट. डॉक्टरांनी त्यांच्याशी व्यायामशास्त्र काढलं. किती जोर, किती बैठका, हृदयाचे ठोके किती. वस्तादांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "दुपारी झोपताय किती?"

"दुपारी? दुपारी आम्ही सायकल चालवतो."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"आज सुट्टीच आहे. आज गाव बघतोय."

वस्तादांना दया आली असावी. त्यांनी तालमीचा दिनक्रम सांगितला. पहाटे मेहनत. मग थंडाई, दूध, तूप, खुराक. मग झोप. संध्याकाळी पुन्हा लाल मातीत. ती मातीसुद्धा नुसती नसते, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. "पोरगं मेहनत चुकवलं तर आम्ही समजावून सांगतो," वस्ताद म्हणाले, "झोप चुकवलं तर शिव्या घालतो." विश्रांतीसाठी शिव्या देणारी संस्था आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्याकडे शिट्टी आहे, तीही उठवायला.

वस्तादांचं बोलणं मनावर घेऊन लॉजवर जाऊन झोपायचं असं एकमतानं ठरलं. फक्त आधी जेवायचं. तांबडा आणि पांढरा रस्सा समोर आला की हे 'फक्त' फार लांबतं. पांढरा नारळाच्या दुधाचा, सौम्य, घशाखाली उतरला की अंगाखांद्यावरून हात फिरवणारा. तांबडा त्याच्या उलट स्वभावाचा. वाढपी दोन्ही घेऊन फिरत असतो आणि 'नको' हा शब्द त्याला ऐकू येत नाही. चौथ्या वाटीला डॉक्टरांच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. पडद्यावर सूचना आली होती, 'हालचाल करा!' डॉक्टरांनी हालचाल केली, वाटी पुढे सरकवली.

झोप काही झाली नाही. कॅप्टनना न्यू पॅलेस आठवला. मेजर मँटनं आराखडा केलेला, 1884 साली पुरा झालेला काळ्या दगडाचा राजवाडा, मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यावर घड्याळ. आतल्या संग्रहालयात पेंढा भरलेले वाघ आहेत. त्या दिवशी कोल्हापुरात खऱ्या अर्थानं विश्रांती घेत असलेले तेवढेच.

आणि मग चप्पल लाईन. इथे आमच्या आयटीवाल्या पोराचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. वजन कमी करायचं म्हणून त्यानं टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली आहे. टॉवेलही अर्धाच आणतो. बाटलीची टोपणं त्यानं तराजूवर तोलून निवडली. असा हा पोरगा अस्सल कोल्हापुरी जोड पायात घालून आरशासमोर उभा राहिला, दोन पावलं चालला, चपला करकर वाजल्या, आणि त्याचं सगळं वजनशास्त्र संपलं. त्यानं स्वतःसाठी घेतली, वडिलांसाठी घेतली, मामांसाठी घेतली. बाहेर पडून एक किलोची गुळाची ढेप घेतली. अर्धा टूथब्रश आणि तीन जोड चपला असं सामान घेऊन तो पुण्याला जाणार होता.

दुकानदार खुशीत होते. 2019 ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कर्नाटकातलेही चार जिल्हे भागीदार आहेत हे त्यांनी जरा हातचं राखून सांगितलं, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला दिसल्यावर केवढा गदारोळ उडाला ते हात सोडून सांगितलं. सगळं ऐकून काकांनी हिशेब जुळवला. "त्यांच्याकडून आपण मैदान आणलं, ते आपल्याकडून चप्पल घेऊन गेले. फिटंफाट."

दिवेलागणीला गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचलो ते चालत नाही, फरपटत. फक्त पोरगा सायकल घेऊन आला होता. चाकाची चाचणी घ्यायची होती म्हणे. इथे म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. गिऱ्हाईक आलं की मालक बसतो, कासेला पाणी मारतो आणि धार काढतो. ग्लास फेसानं काठोकाठ भरून हातात येतो, कोमट, अजून म्हशीच्या अंगचीच ऊब असलेला. मध्ये पातेलं नाही, पिशवी नाही, फ्रिज नाही. शेजारी तालमीतली दोन पोरं ग्लासावर ग्लास रिचवत होती. आमचे डॉक्टर पाश्चरायझेशनवर दोन शब्द बोलणार होते, पण पैलवानांच्या मानेची जाडी बघून त्यांनी ते शब्द दुधाबरोबर गिळले. तोंडाला फेस लागलेले सगळे जण बऱ्याच वेळानं गप्प होते. कॅप्टनची शिट्टीसुद्धा खिशात होती.

मालकाची नजर सायकलवर गेली. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सीटवर थाप मारून पाहिली, पोटऱ्या बघाव्यात तशी चाकं बघितली. मग विचारलं, "केवढ्याला बसली?"

पोरानं बोळात घेतलेला धडा लक्षात ठेवून आणखी खालची चौथी किंमत सांगितली.

मालकानं मान डोलावली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ह्येच्यापेक्षा थोडी वर पडली ही. पर ही दोन वक्ताला मिळून बारा लिटर देती. तुमची काय देती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं नि मिटलं. शेवटी कॅप्टननी ग्लास पुढे केला. "अजून एक द्या."